कापलेल्या जागांची यादी

फिल्मच्या जमान्यात संकलकाची कात्री मूळ निगेटिव्हला कधी लागत नसे. कॅमेऱ्यातून निघालेलं निगेटिव्ह लॅबमध्ये धुतलं जाई, त्यावरून एक कामचलाऊ पॉझिटिव्ह प्रत निघे आणि सगळी चिरफाड व्हायची ती या रश प्रिंटची. मूव्हिओला या संकलनाच्या यंत्रावर किंवा पुढच्या काळात स्टीनबेकच्या टेबलावर ती शेकडो वेळा पुढे-मागे फिरे. तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा पडत. ती चिकटपट्टीने जोडली जाई, उसवली जाई, पुन्हा जोडली जाई. काही महिन्यांनी दिग्दर्शक आणि संकलक ‘आता हात लावायचा नाही’ असं ठरवत, तोवर त्या प्रतीवर ओरखड्यांची जाळी पसरलेली असे. मग स्वच्छ खोलीत, पांढरे सुती हातमोजे घातलेला निगेटिव्ह कटर मूळ निगेटिव्हचे डबे उघडे.

नेमकं कुठे कापायचं हे त्याला कळे ते फिल्मच्या कडेला छापलेल्या आकड्यांवरून. कोडॅकने १९१९ पासून हे कडेचे आकडे द्यायला सुरुवात केली. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर दर फुटाला एक क्रमांक, आणि एका फुटात १६ फ्रेम. निगेटिव्हवरचा आकडा पॉझिटिव्हवरही उमटत असल्यामुळे दोन्ही प्रतींची गाठ त्या आकड्याने बांधलेली असे. कटर रश प्रिंटवरचा क्रमांक वाचे, त्याच्यापुढे फ्रेम मोजे आणि निगेटिव्हवर तीच जागा शोधून कात्री चालवी. हा घाव परत भरून येणारा नव्हता. फिल्म चिकटवणाऱ्या सिमेंटच्या जोडासाठी शेजारच्या फ्रेमचा तुकडाही खर्ची पडे.

चित्रपटाची पटकथा, अभिनय, प्रकाश यांच्याविषयी भरपूर लिहिलं गेलं आहे. एका माणसाच्या हातातली संकलनाची कामगिरी दुसऱ्याच्या हातात बिनचूक कशी जाते, याविषयी मात्र फार थोडं. गोव्यातल्या पोंबुर्प्याचे वामन भोसले १९५२ साली मुंबईला आले, बॉम्बे टॉकीजमध्ये शिकले आणि ‘इन्कार’ या १९७७ च्या चित्रपटासाठी संकलनाचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या पिढीच्या संकलकांनी घेतलेला प्रत्येक निर्णय प्रेक्षकापर्यंत पोहोचला तो कडेच्या आकड्यांवरून जाऊन, दुसऱ्या कुणाच्या तरी कात्रीतून. आज ज्याला एका सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणं म्हणतात, त्याचं मूळ या हस्तांतरात आहे. निर्णय एका जागी घ्यायचा, अंमल दुसऱ्या जागी करायचा आणि मधल्या वाटेने फक्त आकडे पाठवायचे.

व्हिडिओ टेप आली आणि ही वाटच बंद झाली. अँपेक्सने १९५६ साली पहिला व्यावसायिक व्हिडिओ टेप रेकॉर्डर आणला. दोन इंच रुंद टेपवर चित्र चुंबकीय रूपात साठायचं, म्हणजे डोळ्यांना दिसायचंच नाही. फिल्म उजेडासमोर धरली की फ्रेम दिसते. टेप धरली तर तपकिरी फीत दिसते, बाकी काही नाही. सुरुवातीच्या टेप संकलकांनी त्यावर काढलेला मार्ग अचंबित करणारा आहे. लोखंडाची अतिसूक्ष्म पूड मिसळलेला द्रव ते टेपवर लावत, त्यातून चुंबकीय रेषा उमटत, त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि दोन फ्रेमच्या मधल्या जागेवर ब्लेडने कापत. जोड किंचित चुकला की पडद्यावर चित्र कोलमडे.

अमेरिकेत एनबीसी वाहिनीच्या बरबँक केंद्रात यावर एक युक्ती निघाली. टेपवरचा कार्यक्रम पडद्यावर दाखवून त्याची फिल्म काढायची आणि त्या फिल्मच्या ध्वनिपट्टीवर आणि टेपवरही मिनिटं आणि सेकंद मोजणारा माणसाचा आवाज नोंदवायचा. संकलक ही फिल्म निवांत कापायचा. नंतर तोच आवाज टेपवर ऐकत टेप त्या-त्या जागी कापली जायची. आर्थर श्नायडर या संकलकाने ‘लाफ-इन’ हा अतिशय वेगवान विनोदी कार्यक्रम या पद्धतीने बांधला. शेकडो जोड, सगळे ब्लेडने. त्यासाठी १९६८ साली त्याला एमी पुरस्कार मिळाला. कडेच्या आकड्याची जागा इथे बोललेल्या आकड्याने घेतली होती.

बोललेला आकडा यंत्राला कळत नाही. ती अडचण टाइमकोडने सुटली. कॅलिफोर्नियातल्या ईको या कंपनीने १९६७ च्या सुमारास टेपवरच्या प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा चार भागांचा पत्ता देणारी पद्धत आणली. पुढे चित्रपट आणि दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या एसएमपीटीई या संस्थेने तिला प्रमाण रूप दिलं. आता दहाव्या तासाच्या चौथ्या मिनिटाच्या बाराव्या सेकंदातली सातवी फ्रेम म्हणजे जगातल्या कोणत्याही यंत्राला एकच फ्रेम.

अमेरिकेत त्यातही एक काटा राहिला. तिथल्या रंगीत दूरचित्रवाणीचा वेग सेकंदाला ३० फ्रेम नसून २९.९७ आहे. तिशीच्या हिशोबाने मोजत गेलं तर तासाभरात घड्याळ आणि टाइमकोड यांच्यात १०८ फ्रेमचा, म्हणजे साडेतीन सेकंदांहून थोडा जास्त फरक पडतो. कार्यक्रमांची वेळ सेकंदावर बांधलेल्या वाहिन्यांना तो चालण्यासारखा नव्हता. म्हणून दर मिनिटाला मोजणीतले दोन आकडे गाळायचे, पण दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत, असा नियम झाला. त्याचं नाव ड्रॉप फ्रेम. फ्रेम एकही जात नाही, फक्त आकडे जातात. तरी नावामुळे आजही नवशिके घाबरतात. भारताने पाल पद्धत घेतली, सेकंदाला २५ फ्रेम. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं तेव्हापासून इथल्या संकलकाला हा गाळागाळीचा हिशोब कधी करावा लागला नाही. या तपशिलाकडे शेवटी पुन्हा यावं लागेल.

सीबीएस आणि मेमोरेक्स या दोन कंपन्यांनी मिळून १९७१ साली सीएमएक्स नावाची कंपनी काढली. तिचं सीएमएक्स ६०० हे यंत्र म्हणजे संगणकावरच्या संकलनाचा पहिला खरा अवतार. सीबीएसचे अभियंता एड्रियन एटलिंगर त्याच्या निर्मात्यांपैकी एक. कपडे धुण्याच्या यंत्राएवढ्या डिस्क ड्राइव्हवर निकृष्ट दर्जाचं कृष्णधवल चित्र साठवलं जाई, तेही अर्ध्या तासाच्या आसपास. संकलक पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून शॉट निवडे. किंमत सुमारे अडीच लाख डॉलर. अशी मोजकी सहा यंत्रंच बनली आणि व्यवहारात तो प्रयोग फसला.

पण त्या फसलेल्या यंत्रातून बाहेर पडणारी एक गोष्ट टिकली. सीएमएक्स ६०० वरचं चित्र प्रक्षेपणाच्या लायकीचं नव्हतंच. तिथे फक्त निर्णय घ्यायचे होते. ते निर्णय भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर उतरत. ती पट्टी सीएमएक्स २०० या दुसऱ्या यंत्राला भरवली की ते मूळ टेप लावून, टाइमकोड शोधून, खरा कार्यक्रम जोडून देई. निर्णय घेण्याची स्वस्त खोली ऑफलाइन आणि अंमलाची महाग खोली ऑनलाइन, हे शब्द इथून रूढ झाले. त्या पट्टीवर जे होतं त्याला नाव पडलं एडिट डिसिजन लिस्ट, थोडक्यात ईडीएल.

सातबाऱ्यावर जमीन नसते, जमिनीचा हिशोब असतो. ईडीएलचंही तसंच. तिच्यात चित्र नाही, आवाज नाही, फक्त ओळी आहेत. एका ओळीत तीन अंकी क्रमांक, टेपचं नाव, चित्र की आवाज हे सांगणारं अक्षर, जोडाचा प्रकार आणि मग चार टाइमकोड: मूळ टेपवर कुठून, कुठपर्यंत, तयार कार्यक्रमात कुठून, कुठपर्यंत. जोडासाठी सी म्हणजे सरळ कट, डी म्हणजे डिझॉल्व्ह, डब्ल्यू म्हणजे वाइप. वेग बदलला असेल तर खाली एमटू अशी एक जादा ओळ. संपलं.

सीएमएक्सच्या नंतरच्या यंत्रांपैकी ३६०० या क्रमांकाच्या यंत्राने वापरलेली ओळींची मांडणी जगभर प्रमाण मानली गेली. त्या मांडणीत त्या काळच्या यंत्रांच्या मर्यादा गोठून राहिल्या आहेत. क्रमांक तीन अंकी, म्हणून एका यादीत जास्तीत जास्त ९९९ घटना. टेपच्या नावाला आठ अक्षरं. चित्राचा एकच थर. आणि हे सगळं फ्लॉपीवर, तेही आरटी-११ नावाच्या वेगळ्याच पद्धतीने आखलेल्या फ्लॉपीवर. साध्या संगणकाला ती वाचता येत नसे. त्यामुळे यादी बरोबर असूनही केवळ फ्लॉपी उघडत नाही म्हणून ताटकळणं हा १९८० च्या दशकातल्या सहायक संकलकाच्या नोकरीचा भाग होता.

यादी स्वच्छ करणं हीही त्या काळात एक स्वतंत्र कला बनली. संकलक एका शॉटवर दुसरा टाकतो, मग त्याच्यावर तिसरा, मग पहिल्याचा अर्धा भाग परत आणतो. यादीत या सगळ्याचे अवशेष उरत. तशीच ती ऑनलाइन खोलीत नेली तर ताशी भाड्याचं महागडं यंत्र झाकले गेलेले शॉटही इमानदारीने जोडत बसे. त्यासाठी ‘४०९’ नावाचा एक संगणकी प्रोग्रॅम निघाला. तो एकमेकांवर चढलेल्या घटना काढून टाकी. त्याच्या जोडीला ‘ट्रेस’ होता. टेपवरून टेप, तिच्यावरून पुन्हा टेप असे संकलनाचे दोन-तीन टप्पे झालेले असले, तर तो शेवटच्या यादीतल्या प्रत्येक शॉटचा माग काढत अगदी पहिल्या मूळ टेपपर्यंत पोहोचे. कागदोपत्री मालकीचा माग काढणाऱ्या चांगल्या तलाठ्याचं काम.

१९८९ साली एव्हिडचा मीडिया कंपोझर बाजारात आला आणि खोलीचा नकाशा पालटला. बिल वॉर्नरने १९८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये काढलेली ही कंपनी. ब्रिटनमधून लाइटवर्क्स आलं, १९९१ च्या अखेरीस अडोबीचं प्रीमियर आलं. संगणकाच्या पडद्यावर आता टाइमलाइन होती: थरावर थर, आवाजाचे अनेक ट्रॅक, अक्षरं, परिणाम, रंग. संकलक पूर्वी ज्याची फक्त कल्पना करून सूचना लिहून ठेवत असे, ते त्याला समोर करून पाहता येऊ लागलं.

आणि नेमकं हेच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईना. ईडीएलला थर कळत नव्हते. प्रत्येक सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल ही त्या कंपनीची स्वतःची कुलूपबंद पेटी होती. एव्हिडचा प्रोजेक्ट एव्हिडमध्येच उघडणार. फिल्मचा डबा कोणत्याही मूव्हिओलावर लावता येत होता, टेप कोणत्याही योग्य यंत्रात जात होती. संकलनाच्या इतिहासात पहिल्यांदाच काम करणाऱ्याचं काम त्याच्या हत्याराच्या मालकाकडे अडकून पडलं. या व्यवसायाच्या पुढच्या तीस वर्षांचा इतिहास बराचसा या अडकण्यातून सुटण्याचा आहे, आणि दुर्दैवाने त्यातल्या प्रत्येक सुटकेच्या किल्ल्या कोणत्या तरी कंपनीच्याच खिशात राहिल्या.

ही कोंडी पहिल्यांदा ध्वनीच्या बाजूने फुटली. चित्र एका सॉफ्टवेअरमध्ये कापलं तरी आवाजाचं काम करणारे प्रो टूल्ससारखी वेगळी साधनं वापरत. संकलकाने संवाद कुठे कापले, कुठे आवाज हळू केला, हे त्यांना हवं आणि कापलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचा थोडा शिल्लक आवाजही हवा, म्हणजे जोड गुळगुळीत करता येईल. त्या शिलकीला धंद्यात हँडल म्हणतात. एव्हिडने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ओएमएफ नावाचा आराखडा काढला. तो आत ॲपलच्या बेंटो या साठवण पद्धतीवर उभा होता. एकाच फाइलमध्ये यादीही आणि प्रत्यक्ष आवाजही. पण फाइल दोन गिगाबाइटपलीकडे वाढत नसे, म्हणून लांब चित्रपट रिळांमध्ये तोडून पाठवावा लागे. फिल्मची रिळं गेली तरी रिळांचे तुकडे राहिले ते असे. १९९५ मध्ये एव्हिडने प्रो टूल्स बनवणारी डिजिडिझाइन कंपनीच विकत घेतली.

ओएमएफच्या पाठोपाठ एएएफ आला. एव्हिड, मायक्रोसॉफ्ट आणि आणखी काही कंपन्यांनी १९९८ मध्ये त्याची घोषणा केली. कल्पना मोठी होती: थर, परिणाम, कोणत्या टेपवरून काय आलं याची वंशावळ, सगळं एका सामायिक रूपात. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीने त्यातलं आपल्याला रुचेल तेवढं उचललं. कागदावर भाषा एक होती, बोली कंपनीगणिक बदलल्या. चित्राच्या बाजूने एएएफ पूर्ण भरवशाचा कधीच झाला नाही. आवाजाच्या देवाणघेवाणीत मात्र तो पक्का रुजला आणि आजही तिथे त्याचंच राज्य आहे.

एका सिनेमाचा एका पद्धतीतून दुसरीत झालेला सर्वांत नाट्यमय प्रवास मात्र कोणत्याही आराखड्याच्या आधाराने झाला नव्हता. वॉल्टर मर्च ‘द इंग्लिश पेशंट’चं संकलन फिल्मवर, हाताने करत होता. काम मध्यावर असताना मुलाच्या आजारपणामुळे त्याला कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरी परतावं लागलं आणि चित्रपट एव्हिडवर हलवला गेला. अर्धा कात्रीने, अर्धा संगणकाने कापलेल्या त्या चित्रपटाला १९९७ च्या समारंभात संकलनाचं ऑस्कर मिळालं. डिजिटल पद्धतीने संकलित झालेल्या चित्रपटाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्याच रात्री ध्वनीचंही ऑस्कर मर्चला सहकाऱ्यांसोबत मिळालं. फिल्मवरून एव्हिडवर जाताना त्याला साथ होती ती पुन्हा कडेच्या आकड्यांची. कोडॅकने १९९० मध्ये त्याच आकड्यांना यंत्राला वाचता येणाऱ्या पट्ट्यांचं रूप दिलं होतं, कीकोड या नावाने. संगणकात कापलेल्या चित्रपटाचं निगेटिव्ह शेवटी हातानेच कापलं जाई; त्याची यादी कीकोडवरून निघे.

मर्चनेच काही वर्षांनी दुसरा धोका पत्करला. ‘कोल्ड माउंटन’साठी शंभर तासांहून जास्त चित्रीकरण झालं होतं आणि संकलनासाठी त्याने निवडलं ॲपलचं फायनल कट प्रो. या सॉफ्टवेअरचा जन्म मॅक्रोमीडियात, रँडी उबिलोसच्या चमूकडून झाला. ॲपलने ते १९९८ मध्ये विकत घेतलं आणि १९९९ मध्ये बाजारात आणलं. हजार डॉलरचं सॉफ्टवेअर इतक्या मोठ्या चित्रपटाला पुरेल का, ही शंका होतीच. पण या चमूची खरी चिंता कापण्याची नव्हती, पुढे पाठवण्याची होती. चित्र बदललं की ध्वनी विभागाला काय बदललं ते बिनचूक कळलं पाहिजे. ती वाट फायनल कटमध्ये तेव्हा धड बांधलेली नव्हती. ती त्यांनी काम करता करता बांधली. चित्रपट २००३ च्या अखेरीस आला आणि संकलनासाठी मर्चला ऑस्करचं नामांकन मिळालं.

फायनल कटने त्याच सुमारास एक्सएमएलच्या रूपात प्रोजेक्ट बाहेर काढण्याची सोय दिली. हे पाऊल साधं वाटतं, पण ते फार मोलाचं होतं. एक्सएमएल म्हणजे साधा मजकूर. कुणीही फाइल उघडून वाचू शके, थोडी प्रोग्रॅमिंग येणारा माणूस तिच्यावर आपलं साधन बांधू शके. कुलूपबंद पेटीला कुणीतरी काचेची खिडकी बसवली होती. वेस प्लेट हा संकलक आणि त्याचे प्रोग्रॅमर वडील हॅरी प्लेट यांची ऑटोमॅटिक डक ही अमेरिकेतली छोटी बापलेकांची कंपनी अशाच कामावर उभी राहिली. एव्हिडमधली टाइमलाइन आफ्टर इफेक्ट्स या परिणामांच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची, फायनल कटमधली एव्हिडमध्ये न्यायची, थर आणि परिणाम जमतील तेवढे शाबूत ठेवून. मोठ्या कंपन्यांनी एकमेकांमध्ये उभ्या केलेल्या भिंतींना या दोघांनी दारं पाडली. त्यांचा व्यवसायातला मान त्यांच्या आकारापेक्षा कितीतरी मोठा होता, आणि तो रास्त होता.

मग आला २१ जून २०११. ॲपलने फायनल कट प्रो टेन बाजारात आणलं, किंमत २९९ डॉलर. ते पूर्णपणे नव्याने लिहिलेलं होतं आणि जुन्या फायनल कट सेव्हनचे प्रोजेक्ट त्यात उघडत नव्हते. ईडीएल नाही, एक्सएमएल नाही, ओएमएफ नाही. जुनं सॉफ्टवेअर विक्रीतून काढूनही टाकलं. दहा-बारा वर्षांचं काम ज्यांच्या कपाटात फायनल कटच्या रूपात पडलं होतं, अशा माणसांनी त्या आठवड्यात जे अनुभवलं त्याला संताप हा शब्द पुरत नाही. हजारोंनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या, कित्येकांनी पैसे परत मागितले आणि त्यांना ते मिळालेही.

ॲपलचं म्हणणं होतं की दोन्हींची रचनाच इतकी वेगळी आहे की काही गमावल्याशिवाय भाषांतर शक्य नाही. यात तथ्य होतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. जुन्या टाइमलाइनमध्ये प्रत्येक शॉटचा पत्ता घड्याळाचा असतो: तिसऱ्या ट्रॅकवर, चौथ्या मिनिटाला. नव्या फायनल कटमध्ये ट्रॅकच नव्हते. एक मुख्य कथासूत्र आणि बाकी सगळं त्याच्या कोणत्या ना कोणत्या शॉटला लटकलेलं. मुख्य शॉट हलला की त्याला जोडलेला दाराचा आवाज, वरचं नाव, मधला जवळचा शॉट हे सगळं त्याच्याबरोबर हलतं. म्हणजे इथे पत्ता घड्याळाचा नाही, नात्याचा आहे. जुन्या यादीत नातं नोंदलेलंच नसतं; तो आवाज त्या दाराचा आहे हे संकलकाच्या डोक्यात असतं. भाषांतर करणाऱ्याला ते अंदाजाने ओळखावं लागतं.

पण अवघड असणं वेगळं आणि प्रयत्नच न करणं वेगळं. ॲपलने सप्टेंबर २०११ मध्ये नव्या सॉफ्टवेअरला नवं एक्सएमएल दिलं, आणि फिलिप हॉजेट्स आणि ग्रेगरी क्लार्क या दोघांच्या छोट्या कंपनीने २०१२ च्या सुरुवातीला ‘सेव्हन टू एक्स’ हे जुने प्रोजेक्ट नव्यात आणणारं साधन बाजारात आणलं. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीने अशक्य म्हटलेलं काम दोन माणसांनी बऱ्याच अंशी करून दाखवलं. भाषांतर परिपूर्ण नव्हतं. ते कुणी मागितलंही नव्हतं. लोकांना आपलं जुनं काम उघडायला हवं होतं.

कित्येक जण हललेच नाहीत. ‘पॅरासाइट’ हा २०१९ चा कोरियन चित्रपट यांग जिन-मोने फायनल कट सेव्हनवर कापला, म्हणजे निर्मात्या कंपनीने आठ वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या सॉफ्टवेअरवर, आणि संकलनाच्या ऑस्करसाठी त्याचं नामांकन झालं. मॅकच्या २०१७ च्या हाय सिएरा आवृत्तीपासून हे सॉफ्टवेअर चालेनासं झालं होतं. ज्यांनी जुना संगणक जपून ठेवला तेवढ्यांनाच ते प्रोजेक्ट आज थेट उघडता येतात. पेशवे दप्तरातला कागद शाबूत असतो, शाईही शाबूत असते, फक्त मोडी वाचणारा माणूस बोलवावा लागतो. या प्रोजेक्टांचंही तसंच झालं आहे.

त्या उलथापालथीत बरेच संकलक प्रीमियरकडे गेले, काही एव्हिडकडे परतले. रंगकामाच्या बाजूला ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ मध्ये दा विंची कंपनी घेतली. लाखो डॉलरच्या यंत्रासोबत मिळणारं तिचं रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर २०१० मध्ये ९९५ डॉलरला मिळू लागलं आणि पुढच्याच वर्षी त्याची एक आवृत्ती फुकट झाली. त्यामुळे प्रोजेक्ट हलवणं ही चित्रपटांपुरती बाब राहिली नाही. महाराष्ट्रात लग्नाच्या चित्रीकरणाच्या धंद्यात अनेक वर्षं जपानी मुळाच्या एडियस या संकलनाच्या सॉफ्टवेअरचा बोलबाला आहे. तिथला संकलकसुद्धा आता एडियसमध्ये कापलेलं काम रंगासाठी रिझॉल्व्हमध्ये नेतो. मुंबईत चित्रपटाचा सहायक संकलक करतो तेच.

हे नेणं आजही बटण दाबण्याइतकं सरळ नाही. सहायक आधी टाइमलाइनची प्रत काढतो. थर चपटे करून शक्य तेवढे खालच्या एका ट्रॅकवर आणतो. एका सीक्वेन्सच्या पोटात ठेवलेला दुसरा सीक्वेन्स सोडवतो, कारण पलीकडे त्याचा रिकामा ठोकळा होण्याची भीती असते. अक्षरं वेगळी काढतो. मग संपूर्ण चित्रपटाची एक साधी व्हिडिओ फाइल काढतो, पडद्यावर टाइमकोड छापलेली, आणि चित्र सुरू होण्याच्या दोन सेकंद आधी एका फ्रेमचा ‘पिप’ आवाज टाकतो. पलीकडचा माणूस त्या फाइलशी एकेक शॉट ताडून पाहतो. कारण एका सॉफ्टवेअरमध्ये शॉट ‘११० टक्के’ मोठा करणं म्हणजे मूळ चित्राच्या मानाने मोठा करणं. दुसरं सॉफ्टवेअर आधी चित्र चौकटीत बसवतं आणि मग त्याचे ११० टक्के करतं. आकडा तोच पोहोचतो, अर्थ वेगळा. अभिनेत्रीच्या कपाळावरचं कुंकू चौकटीबाहेर जातं आणि कुणाच्या लक्षात येत नाही, ती ताडून पाहण्याची मेहनत कुणी घेतली नाही तर.

नावांचाही घोळ आहेच. टेपच्या नावाला आठ अक्षरं पुरत होती, पण टेपच गेल्या. रेड कॅमेऱ्याच्या एका फाइलचं नाव ‘ए००१’ ने सुरू होऊन कॅमेरा, कार्ड, क्लिप, तारीख असं सोळा अक्षरांपर्यंत जातं. आठ अक्षरांच्या खणात ते कापलं जातं आणि एकाच कार्डावरच्या अनेक क्लिप एकसारख्या दिसू लागतात. म्हणून सॉफ्टवेअरांनी खण वाढवला, किंवा पूर्ण नाव ओळीखाली टीप म्हणून लिहायला सुरुवात केली. अमेरिकन छायालेखकांच्या एएससी या संस्थेने रंगाच्या मूलभूत फरकांसाठी दहा आकड्यांची पद्धत ठरवली तेव्हा तेही आकडे ईडीएलच्या अशाच टिपांमध्ये बसवले गेले. जुन्या वाड्याच्या भिंतीला हात न लावता आतून विजेच्या तारा ओढाव्यात, तसं.

कंपनीच्या मालकीबाहेरची सामायिक भाषा घडवण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न पिक्सारकडून झाला. ॲनिमेशनच्या चित्रपटात एकच शॉट वर्षानुवर्षं संकलन आणि इतर विभागांमध्ये ये-जा करतो, तेव्हा त्यांची गरज कुणाहीपेक्षा जास्त होती. त्यांनी ओपन टाइमलाइन आयओ हे साधन लिहिलं, सर्वांसाठी खुलं केलं आणि २०१९ मध्ये ते ॲकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशन या सामायिक संस्थेकडे सोपवलं. रिझॉल्व्हने त्याला आपल्यात जागा दिली आहे. ते फक्त रचना सांगतं, चित्र सोबत नेत नाही, आणि ज्या गोष्टी त्याला कळत नाहीत त्या फेकून न देता तशाच पुढे देण्याची सोय त्यात आहे. हस्तांतराचं काम वर्षानुवर्षं करून पोळलेल्या माणसांनीच ते लिहिलं आहे, हे या एका सोयीवरून समजतं.

तरीही मुंबईतल्या एखाद्या एडिट रूममधून रंगकामाला जाणाऱ्या हार्ड डिस्कवर एक्सएमएल, एएएफ आणि व्हिडिओच्या शेजारी काही किलोबाइटची एक ईडीएल अजून असते. बाकी काहीच उघडलं नाही तर ती उघडेल म्हणून. साध्या नोटपॅडमध्येही ती वाचता येते. वर शीर्षक, मग ओळींचे रकाने, क्रमांक ००१ पासून. आणि शीर्षकाच्या खाली एक ओळ, जी काम सेकंदाला २५ फ्रेमचं असलं तरी बहुतेक सॉफ्टवेअर आपणहून लिहितात: फ्रेम मोजणीची पद्धत, नॉन-ड्रॉप फ्रेम. ज्या देशात आकडे गाळण्याचा प्रश्न कधी आलाच नाही, तिथल्या चित्रपटाच्या यादीतही आकडे गाळलेले नाहीत, एवढी हमी पहिल्या दोन ओळींत दिलेली असते. सहायक संकलक ती वाचत नाही. तो खाली सरकतो आणि पहिल्या शॉटचा टाइमकोड पडद्याशी ताडून पाहतो.